सन 2758 : परिशिष्टातली एक नोंद

इतिहास शिकवायला लागल्यापासून मुलांची एक तक्रार ऐकत आले आहे : "बाई, सनावळ्या पाठ होत नाहीत." टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कल्पित जगातल्या कादंबरीची एका खंडातली इंग्रजी आवृत्ती मी घेतली ती कथेसाठी. कथा आवडलीच. पण आता पुस्तक उघडते ते बहुतेक वेळा मागच्या परिशिष्टांसाठी.

'परिशिष्ट ब' म्हणजे निव्वळ सनावळी. साल, आणि त्यापुढे दोन-चार त्रोटक वाक्यं. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शिवकालीन सनावळी, चाळलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. त्या जगाच्या तिसऱ्या युगातलं 2758 साल घ्या. घोडेस्वारांच्या रोहन राज्यावर पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून स्वारी. त्याचं दोस्त राज्य गॉन्डोरवर चाच्यांच्या आरमारांचा हल्ला. रोहनचा राजा हेल्म गडाच्या आश्रयाला, राजधानी एडोरास वुल्फच्या ताब्यात. मग 2759 पर्यंत लांबलेला हिवाळा. एवढंच.

यामागचं सगळं 'परिशिष्ट अ'मध्ये आहे. चार वर्षं आधी, 2754 मध्ये, फ्रेका नावाचा बडा जमीनदार आपल्या मुलासाठी, म्हणजे वुल्फसाठी, हेल्मच्या मुलीला मागणी घालतो. शब्दाला शब्द लागतो, राजा त्याच्या जाडेपणावरून बोलतो, नंतर बाहेर नेऊन असा ठोसा मारतो की फ्रेका त्यातच मरतो. हे झालं तात्कालिक कारण. मूळ कारण जुनं आहे : रोहनच्या लोकांनी शेजारच्या डनलंडवाल्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकलेलं होतं, म्हणून वुल्फला माणसं मिळाली. नववीच्या वर्गात युद्धाची कारणं शिकवताना मी हे फळ्यावर मांडलं होतं. एका मुलीने विचारलं, "बाई, त्या मुलीचं पुढे काय झालं?" मी घरी येऊन पुन्हा सगळं शोधलं. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. एवढ्या काटेकोर लेखकाकडून ही उणीव मला फार लागली.

हिवाळ्याचा भाग मात्र विलक्षण आहे. नोव्हेंबर ते मार्च, जवळजवळ पाच महिने रोहन बर्फाखाली. उपासमार दोन्ही बाजूंना. हेल्मचा थोरला मुलगा हॅलेथ राजवाड्याच्या दारात लढताना पडलेला, धाकटा हामा गडाबाहेर पडला तो बर्फात हरवला. हेल्म पांढरे कपडे घालून एकटाच शत्रूच्या छावणीत शिरायचा, नुसत्या हातांनी माणसं मारायचा, आणि गडावरून निघण्याआधी शिंग फुंकायचा. एका रात्री शिंग वाजलं, पण राजा परतला नाही. सकाळी तो तटावर गोठून मेलेला सापडला, उभाच, गुडघे न वाकवता. हे पान मी कितीदा वाचलं असेल, दर वेळी थांबावं लागतं.

पुढे हेल्मच्या बहिणीचा मुलगा फ्रेआलाफ मूठभर माणसांनिशी डनहॅरो या डोंगरातल्या आश्रयस्थानाहून उतरतो, वुल्फला बेसावध गाठून मारतो. बर्फ वितळून पूर येतात. गॉन्डोरची मदत पोहोचते. आणि फ्रेआलाफच्या राज्याभिषेकाला भेटी घेऊन कोण येतो, तर सारुमान हा मांत्रिक. सगळ्यांना तो हितचिंतक वाटतो. त्याला आयझेनगार्डचा किल्ला राहायला मिळतो, तो याच 2759 मध्ये. कथेत अडीचशे वर्षांनंतर सारुमान रोहनवर उलटतो, त्याचं बी इथे पडलेलं आहे, आणि सनावळीत त्याला एक वाक्य.

छपाईबद्दल : माझ्या प्रतीत परिशिष्टांचा टाइप फार बारीक आहे, संध्याकाळी दिव्याखाली डोळे दुखतात. कागद पातळ, मागचा मजकूर पुढे दिसतो. शिवण दुसऱ्या वर्षी सैल झाली. तीन सुटे खंड घेणार असाल तर परिशिष्टं तिसऱ्या खंडाच्या शेवटी असतात. पैसे देण्याआधी ती पानं आणि नकाशे आहेत का, हे उघडून बघा. नकाशा शेजारी उघडा ठेवल्याशिवाय 2758 नीट कळत नाही.