चर्चिलची झोप की लिंकनचं पत्र?

इंदूरला आमच्या रामबागेत परवा हा वाद जाम रंगला, युद्धाच्या टेन्शनमध्ये कोण जास्त नीट सावरलं. चर्चिल दुसऱ्या महायुद्धातही दुपारी चक्क अंथरुणात शिरून झोपायचा, मग रात्री उशिरापर्यंत मीटिंगा, सेनाधिकारी बिचारे जागरणाने हैराण.

लिंकनचं वेगळंच. १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई जिंकूनही त्याच्या जनरल मीडने शत्रूचा सेनापती ली याचं सैन्य निसटू दिलं म्हणून हा इतका भडकला की लांबलचक पत्र लिहिलं, आणि पाठवलंच नाही! लिंकनचा लहानगा मुलगा विली जाऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं हो. झोपेने डोकं ताजं होतं मान्य, पण मला लिंकनच भारी वाटतो, लढून आलेल्या माणसाला लागतील असे शब्द त्याने स्वतःजवळच ठेवले.