दादरमधील एका दुकानात करून घेतलेले कंपाउंड धनुष्याचे ट्यूनिंग

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीतील कंपाउंड प्रकाराची विश्वविजेतेपदे पटकावली, त्यानंतर मीही हौसेने दोन्ही टोकांना चाके असलेले हे धनुष्य घेतले. मात्र ५० मीटरवर माझे बाण लक्ष्यावर विखुरलेलेच राहत, म्हणून धनुष्य दादरमधील एका लहानशा दुकानात नेले.

कारागिरांनी आधी धनुष्य ताणल्यावर दोन्ही कॅम, म्हणजे टोकांची चाके, एकाच क्षणी थांब्याला टेकतात का, हे तपासले. खालचा किंचित मागे पडत होता, तो केबलला पीळ देऊन जुळवला. मग ताणलेल्या कागदातून जवळून बाण सोडायला लावला. फाटलेल्या कागदावर बाणाची शेपटी वर गेलेली दिसताच त्यांनी रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचा आधार, थोडी उचलली आणि तिसऱ्या बाणाला स्वच्छ भोक पडले.

खरा दोष निघाला बाणांत. स्पाइनचा आकडा म्हणजे २८ इंचांच्या आधारांमध्ये १.९४ पौंड वजन टांगल्यावर दांडा इंचाच्या किती सहस्रांश वाकतो ते माप, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. माझे ६०० स्पाइनचे बाण ५० पौंडांच्या ताणाला फारच मऊ होते, हे त्यांनी न चिडता समजावले आणि २७ इंच लांबीचे ५०० स्पाइनचे बाण सुचवले. महागडा संच त्यांनी माझ्या गळ्यात मारला नाही, हे विशेष.

तक्रार एकच: मजुरीचा आकडा काम संपल्यावरच कळतो. शनिवारी मात्र जाऊ नये, दोन तास ताटकळावे लागते.