‘आजीवन मोफत’ क्रेडिट कार्ड : देवगडहून एक अनुभव

आंब्याच्या पेट्या आणि कुरिअरचा खर्च भागवायला सोयीचे पडेल म्हणून मी एका खासगी बँकेचे क्रेडिट कार्ड घेतले, तेव्हा ते ‘आजीवन मोफत’ असल्याचे कणकवलीच्या शाखेतील प्रतिनिधीने मला दोनदा सांगितले होते. दुसऱ्या वर्षीच्या बिलात मात्र ४९९ रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८९ रुपये ८२ पैसे निमूटपणे येऊन बसले.

रक्कम किरकोळ आहे. मनस्ताप तिच्यामुळे झाला नाही. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला की मराठीचा पर्याय निवडूनही पलीकडून हिंदीच येते, आणि रेंजसाठी मी मागच्या पडवीत उभा राहून, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, सोळा अंकी क्रमांक तिसऱ्यांदा ओरडून सांगत असतो तेवढ्यात फोन कट होतो. पुन्हा लावावा तर नवा माणूस, आणि आपले पहिल्यापासून पुराण सुरू. शाखेत ‘कार्ड विभाग वेगळा’ एवढेच उत्तर मिळाले.

शेवटी सगळी थकबाकी भरून कार्ड बंद करण्याचा अर्ज ईमेलने पाठवला. थकबाकी नसेल तर असा अर्ज ७ कामकाजाच्या दिवसांत निकाली काढावा, अन्यथा कार्ड बंद होईपर्यंत दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तो अर्जात नमूद करताच, इतके दिवस न सापडणारा कार्ड विभाग दुसऱ्याच दिवशी सापडला. कार्ड बंद झाले, शुल्क मात्र अद्याप परत आलेले नाही. तक्रारीला ३० दिवस पूर्ण झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे.