मिक टेलर की पीटर ग्रीन? बँड सोडल्यावरचा सोलो, एकच घ्यायचा तर कुठला

बेळगावात टिळकवाडीत गिटार शिकणारा आमचा मामेभाऊ विचारत होता, दादा बजेट एकाच रेकॉर्डचं आहे, मिक टेलरचा १९७९ चा सोलो, म्हणजे एकट्याच्या नावावरचा अल्बम घेऊ का पीटर ग्रीनचा ‘द एंड ऑफ द गेम’? फोनवर सांगत बसलो तर तास जाईल, म्हणून लिहूनच टाकतो, बाकी कुणी अडकला असेल तर त्यालाही उपयोग.

दोघं इंग्लंडचे गिटारवाले, एकाच शाळेतले बघ. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या ब्लूज बँडमधून ग्रीन १९६७ मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या जागी आला टेलर, तेव्हा तो अठरा वर्षांचा पोरगा. पुढं ग्रीनने फ्लीटवुड मॅक हा बँड काढला, टेलर १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्समध्ये गेला. आणि दोघांनीही बँड ऐन जोरात असताना सोडला, ग्रीनने १९७० च्या मे महिन्यात, टेलरने १९७४ च्या डिसेंबरात.

आता टेलरचा राग कशावर होता ते माहीत असलं की त्याचा अल्बम वेगळा ऐकू येतो. ‘स्वे’, ‘मूनलाइट माइल’ या स्टोन्सच्या गाण्यांत आपला वाटा होता असं त्याचं म्हणणं, पण नाव बँडमधल्या जॅगर-रिचर्ड्स जोडीचंच. तो बँडमध्ये असताना निघालेल्या स्टोन्सच्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून त्याचं नाव आलं ते एका ‘व्हेंटिलेटर ब्लूज’वर. मग स्वतःच्या अल्बमवर तो गातोही स्वतः, गिटारशिवाय पियानोही वाजवतो. गाणं मात्र खरं सांगू, साधं आहे, ‘ब्रोकन हँड्स’ ऐकताना वाटतं इथं एखादा खमका गायक हवा होता की. पण तो गायचा थांबला आणि बोटं चालू झाली की विषय संपला. ‘स्लो ब्लूज’ लाव आणि फक्त तो सूर कुठं सोडतो तेवढं बघ, शेवटच्या सुराला हलकासा हेलकावा देतो, मग गप्प, आणि ती गप्प जागा भरायची त्याला अजिबात घाई नाही. शिकणाऱ्या पोरांना स्पीडचं वेड असतं त्यांनी हे रोज ऐकावं. ‘गिडी-अप’मध्ये लिटल फीट या बँडचा लॉवेल जॉर्ज स्लाइडवर (तारांवर नळी घासून वाजवायची गिटार) आहे, तो बोनस. शेवटचा लांबलचक ‘स्पॅनिश / ए मायनर’ हळूहळू उलगडत जातो, आलापीची सवय असलेल्या आपल्या कानांना तो पटकन पटतो, सुळेभावी कुमार गंधर्वांचं जन्मगाव, त्या मुलखातले आपण, एवढा धीर असायलाच पाहिजे.

ग्रीनचं सगळं उलटं. गाणं नाहीच, शब्द नाही, सहा ट्रॅक, सगळे मोकळ्या जॅममधून, म्हणजे आधी न ठरवता वाजवत बसलेल्यातून कापून काढलेले. फ्लीटवुड मॅकमधलं त्याचं शांत ‘अल्बाट्रॉस’ ऐकून कुणी हा घेतला तर पैसे गेले म्हणून ओरडेल. ‘बॉटम्स अप’ नऊ मिनिटं चालतो, खाली बास फिरत राहतो, वर ग्रीनचा वाहवाह पेडल (पायाने दाबून गिटारचा सूर बोलल्यासारखा करायचा) बडबडतो, ओरडतो, मधेच हरवतो. तो काळ त्याच्यासाठी वाईट होता, पैसा वाटून टाकावा म्हणत होता, पुढं मानसिक आजाराने बरीच वर्षं खाल्ली. ते माहीत असल्यावर मला हा अल्बम लागोपाठ दोनदा ऐकवत नाही. पण पूर्ण बाजूला पण ठेवता येत नाही, कारण ऐकणारा खूश होतोय का याची एवढी बेफिकिरी मोठ्या बँडमधून आलेल्या माणसाच्या रेकॉर्डवर क्वचित सापडते.

तर भावा, पैसे टेलरवर घाल. त्यातलं बसून उचलण्यासारखं खूप आहे, शिवाय घरात मोठ्याने लावला तर मामी पण काही म्हणणार नाही. ग्रीनचा आधी मोबाईलवर ऐक, हेडफोन घालून, रात्री, आणि चोर्ला घाटातून गोव्याला जाताना ऐकायचा बेत असेल तर डाउनलोड करून ठेव, मधे रेंज जाते. पहिल्या ट्रॅकला कंटाळलास तर पुढं जाऊ नको, सगळा तसाच आहे. आणि नाही कंटाळलास, उलट परत लावावासा वाटला, तर मला फोन कर, कँपातल्या मित्राकडं त्याची कॉपी आहे, तो विकायच्या विचारात आहे.