उद्यमबागेतलं फायबरचं काम: माझा अनुभव

लोटस एलान या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीची छोटी उघडी गाडी बांधायला घेतलीय. मूळ एलान 1962 ची, पोलादी चॅसिसवर (सांगाड्यावर) फायबरग्लासची बॉडी. तशीच बॉडी बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात करून घेतली.

मालक मामा कामाला कडक. ऐन पावसात जेलकोट, म्हणजे बॉडीचा बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर, मारायला त्यांनी साफ नकार दिला. दमट हवेत रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) नीट धरत नाही, थांबा म्हणाले. थांबलो, ते बरंच झालं. साच्याला मेण, मग जेलकोट, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर. प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून बुडबुडे काढत होते. चाकांवरच्या गोलाईत मॅट कापून न लावता हातानं फाडून लावली, म्हणजे जोड दिसत नाही. नाण्यानं ठोकून बघितलं, कुठंच पोकळ आवाज नाही. बॉनेट मी एकटा उचलतो!

डाव्या दाराची फट मात्र मागच्या बाजूला जास्त आली. कड भरून दिली, पैसे घेतले नाहीत, पण त्यात वेळ गेला.

आपल्याकडं फायबर म्हटलं की लोक नाक मुरडतात. बेंगळूरच्या सिपानी कंपनीच्या डॉल्फिन गाडीची बॉडीही फायबरचीच होती की! तुम्ही करून घेणार असाल तर बिजागरी आणि सीटबेल्ट जिथं बसतात तिथं आत लोखंडी पट्टी घालायला आधीच सांगा.