दुसरी वाट असलेले इंटरनेट : जुळे सोलापुरातील एका स्थानिक ब्रॉडबँड सेवेचे परीक्षण

जुळे सोलापूर आणि विजापूर रोडच्या काही भागांत फायबरची जोडणी देणाऱ्या एका स्थानिक ब्रॉडबँड सेवेचा मी गेल्या उन्हाळ्यापासून ग्राहक आहे. सेवा मोजक्या वसाहतींपुरतीच असल्यामुळे तिच्या नावापेक्षा तिची कामाची पद्धत सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. तिचा वेग शहरातील इतर सेवांइतकाच आहे आणि दर थोडा चढाच आहे; तरीही कार्यालयासाठी जोडणी घेणाऱ्याला मी हीच सुचवेन, कारण इतर नेटवर्कांशी हिने जे संबंध जोडून ठेवले आहेत त्यांचा परिणाम रोजच्या कामात दिसतो.

माझे काम करसल्ल्याचे आहे आणि पक्षकारांमध्ये टॉवेल व चादरींचे कारखानदार बरेच आहेत. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालाला १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढायचे मालवाहतुकीचे बिल, लागते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या गाठी चढवून, ताडपत्री आवळून ट्रक उभा असतो, चालक दर दहा मिनिटांनी फोन करतो आणि इकडे पोर्टलचे पान उघडता उघडत नाही, हा प्रसंग आमच्या व्यवसायात कोणालाही नवा नाही. अशा वेळी वेग १०० एमबीपीएस आहे की ३००, या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. ई-वे बिलाला लागणारी माहिती काही किलोबाइटची असते. तेवढी नेण्याइतकी वाट तरी मोकळी हवी.

पूर्वीच्या सेवेकडून बंदचे कारण बहुतेक वेळा एकच मिळे : पुण्याच्या बाजूला रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली. कारण खोटे नव्हते. खोदकामापूर्वी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले, पण खड्डा घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये ते असेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. यावर अनेक व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेणे. तो वरवर शहाणपणाचा दिसतो, परंतु दोन्ही कंपन्यांनी शहराबाहेर जाणारे फायबर एकाच मालकाकडून भाड्याने घेतलेले असू शकते, किंवा दोघींच्या केबल एकाच नळीतून गेलेल्या असू शकतात. घरात नळ दोन असले तरी उजनीकडून येणारी जलवाहिनी एकच असेल, तर ती फुटल्यावर दोन्ही नळ कोरडेच राहणार. म्हणून नवी जोडणी घेताना मी वेगाच्या तक्त्याकडे फारसे न पाहता, सोलापूरच्या बाहेर तुमची वाट कोणत्या बाजूने जाते आणि ती तुटली तर तुमच्यासाठी कोण उभे राहते, एवढेच विचारले. तेथील अभियंता हसून म्हणाला, “स्पीड सगळेच विचारतात, मालक. वाट कुठनं जाते ते विचारणारं गिऱ्हाईक कमीच.” आणि त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

त्यांची एक वाट पुण्यामार्गे मुंबईला जाते आणि दुसरी हैदराबादकडे. ही दुसरी वाट महामार्गाच्या कडेने न जाता रेल्वेमार्गाच्या कडेच्या फायबरवरून घेतलेली आहे, हे मला विशेष वाटले, कारण महामार्गावरच्या खोदकामाचा तिला धक्का लागत नाही. दोन्ही वाटा दोन वेगळ्या मोठ्या नेटवर्कांकडे जातात आणि बीजीपी या नियमसंचाच्या आधारे सेवेचा राउटर आपले इंटरनेट पत्ते दोन्हीकडे जाहीर करत राहतो. एक बाजू मुकी झाली की शेजारची नेटवर्के उरलेल्या बाजूने रहदारी वळवतात. हे वळण क्षणात होते असे मात्र नाही. जून महिन्यात पुण्याची बाजू गेली तेव्हा माझ्या पडद्यावर पिंगची, म्हणजे दूरच्या सर्व्हरला हाक देऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीची, उत्तरे थांबली, मिनिटभराने पुन्हा सुरू झाली, आणि आधीच्या बारा-तेरा मिलीसेकंदांच्या जागी चाळिशीचे आकडे दिसू लागले. व्हिडिओ कॉल तुटला, तो पुन्हा लावावा लागला. पोर्टलवर भरत असलेले विवरणपत्र मात्र जसेच्या तसे राहिले. सायंकाळी केबल जोडल्यावर आकडे आपोआप खाली आले. शेजारच्या इमारतीत त्या दिवशी दुपारपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालले होते.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट उलगडते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे सोलापूर ते मुंबई हे साधारण ४०० किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन चार मिलीसेकंदांत पार व्हायला हवे; वाटेतील यंत्रे आणि केबलची वळणे धरली तरी बारा-तेरा हा आकडा चांगला आहे. जुन्या जोडणीवर मुंबईतच ठेवलेल्या एका संकेतस्थळासाठी मी ट्रेसराउट, म्हणजे मागणी कोणकोणत्या ठिकाणांहून जाते ते दाखवणारी चाचणी, चालवला होता, तेव्हा माझी मागणी मुंबईहून सिंगापूरला जाऊन पुन्हा मुंबईत उतरताना दिसली आणि साठ-सत्तर मिलीसेकंद लागले. दोन नेटवर्के एकाच शहरात असूनही एकमेकांना थेट जोडलेली नसली की हा द्राविडी प्राणायाम घडतो. तो टाळण्यासाठीच इंटरनेट एक्स्चेंज असतात : अनेक नेटवर्के एका ठिकाणी आपापली केबल आणतात आणि एकमेकांच्या ग्राहकांची रहदारी तेथेच परस्परांच्या हवाली करतात. देशातली रहदारी देशातच राहावी या हेतूने निक्सी ही ना-नफा संस्था २००३ मध्ये स्थापन झाली आणि आज मुंबईत तिच्याखेरीज इतरही एक्स्चेंज चालतात. या सेवेने मुंबईत दोन एक्स्चेंजांवर जागा घेतली आहे. एक्स्चेंजचा लाभ केवळ वेगापुरता नाही. मोठ्या नेटवर्ककडून विकत घेतलेली वाट बिघडली, तरी एक्स्चेंजवर थेट भेटणाऱ्या नेटवर्कांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शाबूत राहतो.

मला सर्वाधिक आवडलेली व्यवस्था मात्र मुंबईतली नसून सोलापुरातलीच आहे. या सेवेने शहरातील दुसऱ्या एका स्थानिक सेवेशी, म्हणजे खरे तर आपल्या स्पर्धकाशी, थेट फायबर जोडून घेतले आहे. त्यामुळे माझ्या कार्यालयातून एमआयडीसीतील पक्षकाराच्या सर्व्हरवर जाणारी फाइल पूर्वीप्रमाणे मुंबईची वारी करून येत नाही, ती गावातल्या गावात पोहोचते. शिवाय दोघांपैकी एकाची बाहेरची वाट तुटली तर दुसऱ्याने ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याची रहदारी वाहून न्यायची, असा त्यांच्यात करार आहे. ग्राहक पळवण्यासाठी एकमेकांच्या फलकांवर फलक लावणाऱ्या या धंद्यात असा करार होणे सोपे नाही. त्यात दोघांनाही आपली रिकामी क्षमता दुसऱ्याला दाखवावी लागते आणि दुरुस्तीच्या वेळा आधी कळवाव्या लागतात. परंतु हैदराबादची दुसरी वाट एकट्याने मोठ्या क्षमतेने राखण्याचा खर्च लहान सेवेला पेलत नाही, आणि तो दोघांत वाटला की पेलतो, हे साधे गणित दोघांनाही पटलेले दिसते.

नेटवर्कांचे सहकार्य म्हणजे केवळ केबल जोडणे नव्हे, शेजाऱ्याचे म्हणणे तपासून घेणे हाही त्याचाच भाग आहे. बीजीपी १९८९ मध्ये मांडला गेला तेव्हा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची रीत त्यात गृहीतच होती. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी, यूट्यूबचे पत्ते आपल्याकडे असल्याची केलेली घोषणा त्याला जगाशी जोडणाऱ्या मोठ्या नेटवर्कने न गाळता पुढे जाऊ दिली आणि सुमारे दोन तास जगातील मोठ्या भागातून यूट्यूब दिसेनासे झाले. असे पुन्हा होऊ नये म्हणून आता आरपीकेआय ही पद्धत आहे, जिच्यात कोणता पत्तासमूह कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचा याची सही केलेली नोंद ठेवता येते. शेजाऱ्यांच्या घोषणा गाळून घ्याव्यात आणि आपला संपर्क अद्ययावत ठेवावा, अशी मॅनर्स या उपक्रमाची २०१४ पासूनची शिकवण आहे. या सेवेच्या पत्त्यांच्या नोंदी सही केलेल्या आढळल्या, आणि पीअरिंगडीबी या खुल्या नोंदवहीतील त्यांच्या नावापुढचा संपर्कही चालू आहे. लहान सेवांमध्ये ही काळजी सरसकट दिसत नाही.

आता उणिवा. घरगुती प्लॅनमध्ये अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो, त्यामुळे दुकानाचा सीसीटीव्ही बाहेरून पाहू इच्छिणाऱ्याला थेट मार्ग मिळत नाही आणि स्थिर पत्त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांचा तुटवडा न भासणारी इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, अजून दिलेले नाही. इतकी तांत्रिक जाण असलेल्या सेवेने ते आतापर्यंत द्यायला हवे होते. रात्री दहानंतर तक्रार घेणारा माणूस भेटत नाही. सर्वांत मोठी उणीव गल्लीतली आहे. हैदराबादपर्यंत दुहेरी वाट असली तरी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून माझ्या भिंतीपर्यंत एकच बारीक काळी वायर लोंबते आणि संक्रांतीच्या सुमारास तिच्यावर मांजा अडकलेला असतो. त्याच खांबावरच्या पेटीतील बॅटरी जेमतेम दोन तास टिकते, आणि एप्रिल-मेमध्ये वीज गेली की सोलापूरच्या उन्हात तीही लवकर मान टाकते. एकमेकांना जोडलेली सगळी नेटवर्के तेव्हा सुखरूप असतात, फक्त मी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पेटीतील बॅटऱ्या बदलण्याचे काम सुरू आहे असे सांगतात. आमच्या गल्लीत ते अद्याप आलेले नाही.

करारातील मर्यादेचाही प्रत्यय येतो. वाट वळवलेली असताना संध्याकाळी क्रिकेटचा सामना असेल तर व्हिडिओ अडखळतो, मेल आणि पोर्टल मात्र चालतात. कार्यालयाला एवढे पुरते, घरी चित्रपट पाहणाऱ्याला ते रुचणार नाही. केवळ करमणुकीसाठी जोडणी हवी असेल तर याहून स्वस्त प्लॅन शहरात सहज मिळतात.

वार्षिक प्लॅनवर एक महिना फुकट देऊ केला जातो. हैदराबादच्या वाटेची क्षमता दिवाळीनंतर वाढवणार असल्याचे त्यांनी सांगितले आहे. ती वाढेपर्यंत मी तीन-तीन महिन्यांचाच प्लॅन घेत आहे आणि उन्हाळ्यासाठी राउटरला वेगळा लहान यूपीएस लावला आहे.