नुसत्या तारा की जबड्याचं ऑपरेशन?

खालचा जबडा पुढे आलेला असला की डॉक्टर दोन वाटा सांगतात: दातांना नुसत्या तारा लावणं, किंवा तारांसोबत जबड्याचं ऑपरेशन. बीड-परभणीकडून छत्रपती संभाजीनगरला दाखवायला आलेली बरीच घरं पहिलीच धरतात: नुसत्या तारा. दीड-दोन वर्षं लागतात, कधी सुळ्यामागच्या लहान दाढा काढाव्या लागतात. दात जुळतात, हाड मात्र आहे तिथंच राहतं.

ऑपरेशनला नकार फक्त खर्चामुळे येत नाही. पूर्ण भूल, खालचा ओठ बधिर राहण्याची शक्यता, काही आठवडे पातळ खाणं; भाकरी लांबच. त्यात आजी म्हणते, "दुखत नाही तर कापायचं कशाला?" चेहऱ्यावर व्रण राहील ही भीती मात्र बहुधा फोल, कारण चिरा तोंडाच्या आतूनच घेतात.

खरी अडचण वेगळीच. नुसत्या तारांत दात जिकडे सरकवतात, ऑपरेशनआधी त्याच्या उलट दिशेला सरकवतात, त्यामुळे काही महिने चेहरा आणखी विचित्र दिसतो. नेमकं लग्नाच्या बोलण्यांच्या वयात! आणि आधी नुसत्या तारांनी भागवून पुढे विचार बदलला, तर सरकवलेले दात पुन्हा उलट सरकवावे लागतात. दोन जबड्यांतला फरक थोडा असेल तर तारा पुरतात. पण चावताच येत नसेल, तर वाढ थांबल्यावर ऑपरेशनच करावं, असं माझं मत.